दिंडीत मोबाईल चालू लागला त्याची हकीकत

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण. बोलले तसंच उतरवून घेतलं आहे.)

दिंडीचे मालक, विणेकरी, चोपदार, मृदंगमणी, टाळकरी, पताकावाले, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या सगळ्या माउली, ट्रकवरची आणि चुलीजवळची मंडळी, सगळ्यांच्या चरणी दंडवत.

शंभर वर्षांचा सोहळा आहे. आमच्या आधी जे बोलले त्यांनी दिंडीचा इतिहास सांगितला. पहिली वीणा कुणाच्या गळ्यात होती, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, राहुट्या कधी घेतल्या, सगळं आलं. ते पुस्तकात छापून येणार आहे, तेव्हा दळलेलं पीठ आम्ही पुन्हा दळत नाही. आम्हाला कमिटीनं सांगितलं, तुम्ही मोबाईलवर बोला. का, तर गेल्या काही वर्षांत दिंडीत मोठं भांडण झालं असलं तर ते त्याच्यापायीच झालं, आणि दोन्ही बाजूंनी आम्हालाच मधी ओढलं. आम्ही चौथी शिकलेला माणूस. शेत आणि कीर्तन, दोनच कामं येतात. पण जे डोळ्यांदेखत झालं ते सांगायला शाळा लागत नाही.

पोरं त्याला 'ब्लॉग' म्हणतात. गुरुजी सांगतात की खरा शब्द 'व्लॉग' आहे. आम्हाला दोन्ही सारखेच. प्रवासाला निघायचं, मोबाईल हातात धरायचा, दिसेल ते दाखवत वरनं बोलत राहायचं आणि ते लोकांना बघायला सोडून द्यायचं, असा तो प्रकार.

तो आपल्या दिंडीत कसा आला ते आधी सांगतो. २०२० साली करोनानं वारी बंद झाली. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ ला पण तसंच. दोन आषाढ आम्ही घरात बसून काढले. ज्येष्ठ वद्य अष्टमी आली की पाय वळवळायला लागतात, आणि बाहेर तर पडायचं नाही. ते दिवस कसे गेले हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. २०२२ ला वाट मोकळी झाली, पण तोवर काही माणसं कायमची गेली होती आणि काही अंथरुणाला खिळली होती. आमच्या आळीतले थोरले अण्णा त्यातलेच. एकतीस वाऱ्या पायी केलेला माणूस, टाळकरी, अर्धांगानं उजवी बाजू गेली. आम्ही निघताना भेटायला गेलो तर आमच्याशी बोलले नाहीत. आमच्या चुलतभावाचा नातू सोबत होता, आयटीआय केलेला वायरमन, पहिल्यांदाच वारीला येत होता. त्याचा हात धरून म्हणाले, "लेका, तुझ्याकडं मोठा मोबाईल हाय. मला वारी दाखव."

पोराला ब्लॉगचं वेड आधीपासून होतं, ते आम्ही झाकून ठेवत नाही. गडकिल्ल्यांचे, घाटातल्या मोटारसायकलींचे असले व्हिडिओ तो रात्र-रात्र बघायचा. पण दिंडीत मोबाईल बाहेर निघाला तो अण्णांच्या शब्दावर. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

आता आमचं म्हणाल तर आमचा मोबाईलवर आधीपासून राग होता. त्याला कारण आहे. कीर्तनात पूर्वपक्ष मांडावा लागतो. शंका घेणारा काय म्हणतो ते आधी त्याच्याच तोंडानं, जोर लावून सांगायचं, आणि मग ते खोडून सिद्धांताला यायचं. आम्ही एका गावात असंच म्हणालो की, पंढरीला जाऊन काय मिळतं, पाय दुखतात, पेरणी मागं पडते, पैसा जातो. पुढं अर्धा तास त्याचं उत्तर दिलं. कुणीतरी नेमका पूर्वपक्ष तेवढा कापला आणि दिला सोडून. आठ दिवस फोन येत होते, "महाराज, तुम्हीच असं म्हणायला लागला?" दोन तासांच्या कीर्तनातला अर्धा मिनिट काढला की कुठलाही कीर्तनकार नास्तिक ठरवता येतो. तेव्हा पोरगा मोबाईल घेऊन आमच्या मागं मागं फिरायला लागला तेव्हा आम्ही काही त्याला पेढे दिले नाहीत.

पहिला व्हिडिओ त्यानं आळंदीहून निघताना केला. सुरुवात ठरलेली, "नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनेलवर." मोबाईल स्वतःच्या तोंडासमोर धरलेला आणि हा गडी दिंडीत उलटा चालतोय. दिंडीच्या ओळी असतात, पुढच्याच्या पायावर मागच्याचा पाय असतो, टाळाच्या ठेक्यावर सगळं चालतं. तिथं एक माणूस उलटा चालला की ओळ फुटते. दोन टाळकऱ्यांना धडकला, एका म्हातारबांच्या पायावर पाय दिला. रात्री पुण्याच्या मुक्कामाला ते चित्र घरी पाठवलं. अण्णांच्या सुनेनं त्यांना दाखवलं. अण्णांचा निरोप आला, "पोरगं चांगलं दिसतंय. दिंडी कुठं हाय?"

हसताय, पण नवीन पोरांचं सगळ्यांचं असंच होतं. चार हिश्श्यांतले तीन हिस्से स्वतःचं तोंड, आणि कानामागं दोन पताकांची टोकं. त्या दिवसापासनं त्यानं मोबाईल पुढं फिरवला.

मग आवाजाची गंमत. पन्नास-साठ टाळ एकदम वाजतात तिथं मोबाईल जवळ धरला की आवाज फाटतो, नुसती खरखर ऐकू येते. मृदंग तर लागतच नाही. आणि दिवेघाटात वारा. घाट चढताना त्यानं तासभर चित्र घेतलं, त्यात वाऱ्याच्या घोंघाटाशिवाय दुसरं काही नव्हतं. यात आम्हाला थोडं कळतं, कारण मंडपात भोंगा कुठं लावायचा, माईक तोंडापासनं किती लांब धरायचा, हे आम्ही जन्मभर करत आलो. त्याला म्हटलं, टाळाच्या शेजारी उभा राहू नको, दहा-बारा पावलं मागं, तुळशीवाल्या माउलींच्या बाजूला जा. वाऱ्याला पाठ कर, मोबाईल छातीजवळ घे, आणि माईकच्या भोकावर पातळ फडकं बांध. त्यानं तसं केलं, आणि पहिल्यांदा मृदंगाची थाप नीट ऐकू आली. तेव्हा आमचा राग थोडा उतरला, ते कबूल आहे. आपल्या विद्येचा कुणाला उपयोग झाला की माणूस नरमतो.

त्यानं आणखी एक उद्योग केला. दिंडीचा आवाज बरा येत नाही म्हणून एका मोठ्या गायकाचा अभंग चित्राखाली चिकटवला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सूचना, हे गाणं अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. पोरगं घाबरलं, पोलीस येतील म्हणालं. संतांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण त्या गायकानं गायलेलं आणि कंपनीनं भरून घेतलेलं गाणं हे त्यांचं असतं. ते काढून टाकलं आणि आपल्याच दिंडीचा आवाज ठेवला. नरडी बसलेली, मधेच खोकला, मधेच कुणीतरी "पाणी आलं का" म्हणतंय. अण्णांना तेच पाहिजे होतं. ते खोकल्यावरनं माणसं ओळखायचे.

चार्जिंगचं आणि रेंजचं वारी केलेल्यांना माहीत आहे. ट्रकच्या बॅटरीवर त्यानं वायर काढून दिली, वायरमनच तो. पावसात मोबाईल दुधाच्या पिशवीत. आणि जसजशी पंढरी जवळ येते तसतशी माणसं वाढतात, वाखरीला तर सगळ्या पालख्या एका ठिकाणी येतात, तिथं साधा फोन लागत नाही तर व्हिडिओ कुठला जातोय. त्यानं शोध लावला की रात्री दोन-अडीचला सगळे झोपल्यावर तो जातो. म्हणजे हा निजणार तेव्हा आमची काकड्याला उठायची वेळ. चार दिवसांत पोरगं चालता चालता झोपायला लागलं.

सासवडला दोन मुक्काम असतात, हाताशी जरा वेळ असतो. तिथं त्यानं आम्हालाच पकडलं. "आबा, वारी म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगा." आता बघा, चाळीस वर्षं कीर्तन करतोय. पाच हजारांपुढं उभं राहिलोय आणि पावसात पळून न गेलेल्या अकरा माणसांपुढंही. पण त्या मोबाईलपुढं उभं राहिलो आणि तोंडातनं शब्द फुटेना. दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. मागं टाळकरी नाहीत, चाल उचलायला कुणी नाही, समोर मान डोलवणारं कुणी नाही. भिंतीपुढं कीर्तन केल्यासारखं वाटतं. कीर्तनकाराचं निम्मं बळ समोरच्याच्या डोळ्यांत असतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. पोरगा हुशार. त्यानं स्वयंपाकाला आलेल्या एका मावशींना बोलावलं आणि मोबाईलच्या मागं उभं केलं. म्हणाला, आबा, मावशींना सांगा. मग बोलता आलं. मावशी मधे "व्हय" म्हणाल्या तेही त्यात आलंय. जे नवीन पोरं हे करायला बघतात त्यांना हे सांगायचंय की, मित्रांनो मित्रांनो करून हवेत बोलू नका. घरातलं एक माणूस नजरेपुढं आणा आणि त्याच्याशी बोला. ह्याच्यापुढं अण्णा होते म्हणून ह्याचं पुढं बरं झालं.

पहिल्या वर्षी त्याचे व्हिडिओ पन्नास-साठ जण बघायचे. बहुतेक आपल्याच गावचे. त्याला त्याचं वाईट वाटायचं. आम्ही म्हणायचो, पन्नास माणसं रोज रात्री तुझ्यासाठी बसतात, एवढी तर आमच्या साध्या कीर्तनाला येत नाहीत. पण वय असतं एक. दुसऱ्या वर्षी येताना तो मित्रांकडनं हिशोब शिकून आला. १००० माणसं जोडली पाहिजेत, वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे, मग जाहिरातीचे पैसे. आणि लोक काय बघतात तर दिवेघाट वरनं, रिंगणातला घोडा, आणि रडणारं माणूस. पहिल्या दोन्हीला गर्दी फार, सगळ्यांकडं तीच चित्रं. राहिलं तिसरं.

आता जे सांगायचंय ते सांगताना आवाज चढणार नाही, शांतपणानं ऐका.

फलटणच्या अलीकडे दुपारचा विसावा होता. रस्त्याकडेला बाभळीखाली एक म्हातारी माउली पाय पसरून बसली होती, दुसऱ्या दिंडीतली. पायाला चिंध्या बांधलेल्या. एकटीच रडत होती. आपल्या पोरानं लांबनं चित्र घेतलं. तिला काही विचारलं नाही. रात्री त्याखाली रडवं संगीत लावलं आणि वर लिहिलं की, पाय फुटले, पोरांनी टाकलं, तरी आई पंढरीला निघाली. 'पोरांनी टाकलं' हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तसं लिहिलं की लोक बघतात, म्हणून लिहिलं.

आणि लोकांनी बघितलं. चाळीस हजार झाले. त्यात तिच्या गावचे निघाले, तिचा मुलगा निघाला. मुलगा चांगला, शेतकरी माणूस, त्यानंच तिला आळंदीला आणून दिंडीत सोडलेलं, भिशीचे पैसे भरलेले. त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तो जीप घेऊन बरडच्या मुक्कामाला आला आणि आईला घेऊन गेला. पंढरी चार-पाच मुक्कामांवर राहिली होती. म्हातारीची वारी मोडली.

त्या दिवशी संध्याकाळी समाजआरतीला काय झालं ते जुन्या मंडळींना माहीत आहे, नव्यांना सांगतो. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात बंद होतात. हरवलं-सापडलं पुकारतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथं जाऊन विचारतात. हैबतबाबा आरफळकरांनी पालखीला जी शिस्त लावून दिली, ती माउलींचा सोहळा अजून पाळतो. त्या संध्याकाळी चोप वर गेला, सगळीकडं शांत झालं, आणि एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. तक्रार आपल्या दिंडीवर होती. इतक्या वर्षांत पाण्यावरनं, जागेवरनं आपण दुसऱ्यावर टाळ वाजवले असतील, पण आपल्या नावानं टाळ वाजलेला आमच्या वडिलांनीही ऐकला नव्हता. आपले मालक मान खाली घालून उभे होते. पोरगा आमच्या मागं होता, त्याचे दात वाजत होते.

व्हिडिओ त्यानं काढून टाकला. पण तोवर दुसऱ्यांनी उतरवून घेतला होता, तो अजूनही कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये फिरत असेल. बोललेला शब्द परत घेता येत नाही म्हणतात, हे तर त्याच्याही पुढचं.

नातेपुत्याला राहुटीत बैठक बसली. निम्मी मंडळी म्हणाली, मोबाईल ट्रकमध्ये पेटीत कुलूप लावून ठेवा, पंढरीत द्या. निम्मी म्हणाली, मग अण्णांनी आणि घरी बसलेल्या बाकीच्यांनी काय करायचं? पहिले म्हणाले, पूर्वी कुठं होतं हे सगळं? तेव्हा आपले गुरुजी म्हणाले की पूर्वीही होतं. दि. बा. मोकाशी नावाच्या लेखकानं १९६१ साली वारी चालून 'पालखी' नावाचं पुस्तक लिहिलं, गुरुजींनीच ते कधीतरी आम्हाला वाचून दाखवलं होतं. तो माणूसही वारकऱ्यांचं बघत, ऐकत, टिपून घेत चालला होता. आम्ही म्हटलं, तोच मुद्दा आहे. तो चालला होता. सोबत चालणाऱ्यानं लिहिलेलं वेगळं आणि रस्त्याकडेला गाडी लावून टिपलेलं वेगळं. आपला पोरगा चालत होता, पण त्या बाभळीखाली दोन मिनिटं बसला नाही.

आम्हाला निवाडा विचारला तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो की, वीणा एका वेळी एकाच गळ्यात असते आणि ती ज्याच्या गळ्यात असते त्याला दुसरं काही करता येत नाही, मोबाईलचंही तसंच करा. दिवसाला एकाच्या हातात, बाकीच्यांचे पिशवीत. ज्याच्या हातात असेल त्यानं ओळीत चालायचं. समोरच्याला विचारल्याशिवाय त्याचं तोंड घ्यायचं नाही, आणि घेतलेलं त्याला दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही. पाण्याच्या ठिकाणी, मग ते नीरास्नान असो की टँकर, मोबाईल वर काढायचाच नाही. तिथं आपल्या बायाबापड्या अंघोळी करतात, लुगडी बदलतात. माउलींच्या पादुकांचं स्नान दाखवायच्या नादात काय काय त्या चित्रात येतं ते आम्ही दुसऱ्यांच्या व्हिडिओत बघितलंय, लाज वाटते. दवाखान्याच्या गाडीपाशी नाही, झोपलेल्या माणसाचं नाही. पैसे आलेच तर दिंडीच्या पेटीत. अजून आले नाहीत, येतील असं वाटतही नाही. त्यामुळं त्याच्यावरनं भांडण झालेलं नाही, हे बरं. कीर्तनाच्या मानधनावरनं आमच्यात जेवढं होतं तेवढं पुरे.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. दोन जण त्या वर्षी रागानं दुसऱ्या दिंडीतनं चालले. त्यातले एक आज इथं पुढंच बसलेत, त्यांना आमचा पुन्हा दंडवत.

कार्तिकीहून आल्यावर आम्ही पोराला घेऊन त्या म्हातारीच्या गावाला गेलो. गाव सांगत नाही. मुलगा ओट्यावर बसला होता, आमच्याशी बोलला नाही, उठून गोठ्याकडं गेला. सुनेनं पाण्याचा तांब्या ठेवला. पोरानं म्हातारीचे पाय धरले. ती म्हणाली, "आरं, माझं पाय दुखत नव्हतं रं. चिंध्या तर दरसाल बांधते. मी अन् माझी भन जोडीनं यायचो. त्याच बाभळीखाली बसून दोघी दशमी खायचो. ती गेली अवंदा. तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

एवढं बोलून ती आत गेली, दोन भाकरी आणि ठेचा बांधून आणून दिला. येताना एसटीत पोरगा खिडकीकडं तोंड करून बसला होता. आम्हीही काही बोललो नाही.

पुढच्या वारीला तो येईल का नाही, शंका होती. आला. पहिले चार दिवस मोबाईल काढलाच नाही, हंड्यानं पाणी वाहिलं. मग अण्णांच्या सुनेचा फोन आला, अण्णा जेवत नाहीत, आज काही आलं नाही म्हणतात. तेव्हा मोबाईल निघाला. त्या वर्षीचे व्हिडिओ बघा तुम्ही. त्यात दिवेघाट नाही. पहाटे तीनला राहुट्या उपटून ट्रक कसा भरतात ते आहे. खाली जड सामान, मग चुली, वर वळकट्या, आणि प्रत्येकाची वळकटी ओळखायची खूण वेगळी, कुणाची लाल चिंधी, कुणाची सुतळी. तीनशे माणसांचं पिठलं करताना पीठ कालवायची मावशींची पद्धत आहे, गाठ एक होत नाही. पाऊस आल्यावर मृदंगाला प्लास्टिक कसं गुंडाळतात ते आहे. टँकरपुढच्या रांगेतली भांडणं आवाजानं आहेत, तोंडं नाहीत. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथं सगळे मोबाईल घोड्याकडं वळलेले, आणि ह्यानं रिंगण बघणाऱ्या आपल्या एका म्हातारबांचं तोंड तेवढं घेतलंय, विचारून. घोडा दिसतच नाही, म्हातारबांची मान डावीकडनं उजवीकडं जाते तेवढी दिसते. आम्हाला तो व्हिडिओ सगळ्यांत आवडतो. बघणारे किती, तर त्र्याऐंशी.

अण्णा रोज बघायचे आणि निरोप धाडायचे. डावीकडच्या ओळीतला तिसरा टाळ मागं पडतोय. पताकावाले फार पुढं चाललेत. मावशींना सांगा, मीठ कमी टाका. पडल्या जागेवरनं त्या माणसानं दिंडी चालवली.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच आम्ही बोलायला उभं राहायचं कबूल केलं. काकड्यानंतर वासुदेव, आंधळे, पांगुळ हे अभंग आपण म्हणतो. ते सगळ्याच दिंड्यांत आहेत. पण पांगुळाची आपली एक जुनी चाल होती, संथ, दुसऱ्या चरणावर मोडून वर जाणारी. बैलगाडीच्या काळातली म्हणतात. ती पूर्ण येणारे एकच राहिले होते, आपले जुने विणेकरी नाना. आम्ही स्वतः त्यांच्या मागं तीस वर्षं टाळ धरून उभे होतो, पण ते मोडून वर जाणं आम्हाला गळ्यातनं काढता येत नाही. त्या वर्षी वेलापूरच्या मुक्कामाला पहाटे नानांनी स्वतःहून पोराला बोलावलं. म्हणाले, "माझं तोंड घेऊ नकोस, दात नाहीत. वीणा घे, आणि आवाज घे." अकरा मिनिटं आहे ते. चित्रात नुसती वीणा आणि त्यावर नानांची बोटं. मागं कुठंतरी स्टोव्हचा आवाज येतोय, तो काढता येईल का असं कुणीतरी विचारलं. आम्ही म्हटलं, राहू द्या.

नाना त्याच माघात गेले.

आता आपल्या दिंडीत ती चाल म्हणणारी दोन पोरं आणि एक पोरगी तयार झालीत, त्या अकरा मिनिटांवरनं शिकून. उद्या काकड्याला तीच पांगुळ म्हणणार आहेत. अजून कच्ची आहे, वर जाताना घाई करतात. ऐकून घ्या आणि चुकलं तर नंतर सांगा, मधे टोकू नका.

आणि इथं जमलेल्यांत, विशेषतः सत्तरीच्या पुढच्या माउलींत, ज्यांना जुन्या चाली, गौळणी, जात्यावरच्या वारीच्या ओव्या येतात, त्यांनी दुपारचं जेवण झाल्यावर देवळामागच्या खोलीत यावं. पोरगा तिथं बसणार आहे. तो आधी विचारेल, तुम्ही नको म्हणालात तर ठेवून देईल. तोंड दाखवायचं नसेल तर हात दाखवा, तुळस दाखवा. चहाची सोय केली आहे. सोबत कुणाला तरी घेऊन या, म्हणजे समोर ऐकायला माणूस असेल.

राम कृष्ण हरी.